चालत्या दूरध्वनी केंद्राचे स्थलांतर : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

इ. स. १९३० च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात एक आठमजली इमारत जागेवरून सरकवण्यास प्रारंभ झाला. इमारत इंडियाना बेल या दूरध्वनी कंपनीची होती. तिचे वजन सुमारे ११,००० टन होते. कंपनीला त्याच जागी मोठी वास्तू उभारावयाची होती. परंतु जुनी इमारत पाडली असती तर तिच्यातून चालणारी दूरध्वनी सेवा खंडित झाली असती. वास्तुविशारद कुर्ट व्हॉनेगट (याच नावाच्या प्रसिद्ध कादंबरीकाराचे वडील) यांनी ती पाडण्याऐवजी हलवण्याचा पर्याय पुढे केला. इमारत प्रथम ५२ फूट दक्षिणेकडे नेण्यात आली, नंतर ९० अंशांत वळवण्यात आली आणि त्यानंतर पश्चिमेकडे सरकवण्यात आली. वेग ताशी सुमारे १५ इंच होता. १४ नोव्हेंबर रोजी हे काम पूर्ण झाले. या संपूर्ण काळात सुमारे ६०० कर्मचारी इमारतीत नित्याप्रमाणे कामावर येत होते. पाणी, वायू आणि दूरध्वनीच्या तारा यांच्या जोडण्या लवचीक व लांब करून ठेवल्यामुळे सेवा चालू राहिली. पुढे १९६३ साली ही इमारत पाडण्यात आली.

सुमारे पाऊण शतकानंतर संगणकशास्त्रात याच्याशी साम्य असणारी एक क्रिया रूढ झाली. एका संगणकावर चालू असलेले आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, ते बंद न करता दुसऱ्या संगणकावर नेणे, असे तिचे स्वरूप आहे. तिला ‘लाइव्ह मायग्रेशन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात ‘चालते स्थलांतर’ ही संज्ञा वापरली आहे. कार्यालयांतील दूरध्वनी प्रणाली, ज्यांना आपल्याकडे ईपीएबीएक्स म्हणतात, अशा आभासी यंत्रांत गेल्या तेव्हा त्याही चालत्या स्थलांतराच्या कक्षेत आल्या.

या घटनेकडे केवळ तांत्रिक सोय म्हणून पाहणे पुरेसे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सेवेचे सातत्य राखण्याचे दोन भिन्न मार्ग येथे एकमेकांसमोर आले. दूरध्वनी अभियंत्यांनी सातत्यासाठी यंत्राची जोडी बाळगली. संगणक अभियंत्यांनी यंत्र हलते केले. त्यांच्या गाठीतून एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. खंड किती पडला हे यंत्राच्या बाजूने मोजायचे की ऐकणाऱ्याच्या बाजूने?

संभाषण यंत्रात कोठे असते?

चालत्या केंद्राचे स्थलांतर शक्य होण्यासाठी चालू संभाषणाची स्थिती यंत्रापासून वेगळी करता यावी लागते. आरंभीच्या स्वयंचलित केंद्रांत ही शक्यताच नव्हती. आल्मन स्ट्रोजर यांच्या पद्धतीचे पहिले सार्वजनिक केंद्र १८९२ साली इंडियाना राज्यातीलच ला पोर्ट येथे सुरू झाले. या पद्धतीत ग्राहकाने फिरवलेल्या प्रत्येक अंकागणिक एक यांत्रिक दांडा पायरी-पायरीने वर चढतो आणि मग आडवा फिरून ठरावीक संपर्कबिंदूवर थांबतो. संभाषण चालू असेपर्यंत तो दांडा तेथेच राहतो. दोन व्यक्ती बोलत आहेत ही माहिती केंद्रात अन्यत्र कोठेही लिहिलेली नसते. दांड्याचे स्थान हीच ती माहिती. असे केंद्र हलवायचे तर इमारतीसकटच हलवावे लागणार. त्या अर्थाने इंडियानापोलिसचा प्रयोग त्या युगाच्या मर्यादेशी सुसंगतच म्हणावा लागेल.

ही मर्यादा इलेक्ट्रॉनिक केंद्रांनी ओलांडली. बेल प्रयोगशाळेने विकसित केलेली १०१ ईएसएस ही प्रणाली १९६३ साली फ्लोरिडातील कोको बीच येथे कार्यान्वित झाली. ती खास व्यावसायिक ग्राहकांसाठी होती. तिची रचना आज विशेष लक्षवेधी वाटते. जोडण्या करणारा भाग ग्राहकाच्या कार्यालयात होता, तर त्याला आज्ञा देणारा नियंत्रक दूरध्वनी कंपनीच्या केंद्रात होता. व्यावसायिक फोनप्रणालीचा मेंदू कार्यालयाबाहेर नेण्याची कल्पना ‘क्लाउड’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीची आहे.

त्यानंतर ३० मे १९६५ रोजी न्यू जर्सीतील सक्कासुन्ना येथे १ ईएसएस हे केंद्र सुरू झाले. येथे कोणता ग्राहक कोणाशी जोडला आहे हे स्मृतीत लिहिले जाऊ लागले. आता संभाषणाच्या स्थितीची नक्कल करणे तत्त्वतः शक्य होते. तथापि अभियंत्यांनी तिचा उपयोग स्थलांतरासाठी केला नाही. त्यांनी दोन नियंत्रक शेजारी शेजारी बसवले. दोन्ही एकच काम एकाच वेळी करत आणि त्यांची उत्तरे सतत ताडून पाहिली जात. एकाने दगा दिला तर दुसरा काम पुढे चालवी. चाळीस वर्षांत एकूण दोन तासांपेक्षा अधिक काळ केंद्र बंद पडू नये, असे उद्दिष्ट ठरवण्यात आले होते. म्हणजे वर्षाला सरासरी तीन मिनिटे. दूरध्वनी व्यवसायाची मानसिकता समजून घ्यायची तर हा एक आकडा पुरे आहे. उचललेल्या फोनमध्ये ‘टोन’ ऐकू येणे हे ग्राहकाने गृहीत धरलेले असते, आणि आजारी माणसासाठी रुग्णवाहिका बोलावणाराही त्याच तारेवर अवलंबून असतो.

हलत्या यंत्राची परंपरा

संगणकाची परंपरा निराळ्या गरजेतून वाढली. १९६० च्या दशकात संगणक अतिशय महाग होते आणि एकाच यंत्रावर अनेकांना काम करावे लागे. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात रॉबर्ट क्रीसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० ही प्रणाली तयार केली. तिच्यात प्रत्येक वापरकर्त्याला आपल्यासमोर स्वतंत्र संगणक असल्याचा भास होई. याच मार्गाने १९७२ साली व्हीएम/३७० हे उत्पादन आले. एका यंत्राच्या पोटात अनेक यंत्रे नांदू शकतात हे सिद्ध झाले. परंतु ती दुसऱ्या यंत्रात जात नव्हती.

चालता कार्यक्रम हलवण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकात विद्यापीठांत झाले. स्टॅनफर्ड येथील ‘व्ही’ प्रणालीवर काम करणाऱ्या थायमर, लँट्झ आणि चेरिटन यांनी १९८५ साली एक युक्ती मांडली. कार्यक्रम चालू असतानाच त्याची स्मृती दुसऱ्या यंत्रावर उतरवायला घ्यायची, मधल्या काळात जो भाग बदलेल तो पुन्हा पाठवायचा आणि अगदी शेवटी क्षणभर थांबून उरलेसुरले न्यायचे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील झायास यांनी १९८७ साली वेगळी दिशा घेतली. त्यांच्या पद्धतीत कार्यक्रम आधी पुढे जाई आणि लागेल तसतशी स्मृती मागाहून आणली जाई. मात्र सुटा कार्यक्रम मूळ यंत्रात अनेक धागे मागे सोडून जातो. त्याच्या उघड्या फाइल्स आणि जाळ्यावरील जोडण्या जुन्या यंत्रावर अवलंबून राहतात. माहेरी राहिलेल्या सामानासाठी वारंवार माणूस धाडावा लागावा, तशी ही अवस्था होती. या पद्धती व्यवहारात फारशा रुजल्या नाहीत.

उत्तर सापडले ते आभासी यंत्रात. सुटा कार्यक्रम न नेता त्याच्या भोवतालची संपूर्ण कार्यप्रणालीच उचलून नेली, तर मागे राहणारे धागे जवळजवळ उरत नाहीत. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने २००३ मध्ये ‘व्हीमोशन’ ही सोय बाजारात आणली. २००५ साली क्रिस्टोफर क्लार्क, स्टीव्हन हँड, इयन प्रॅट आदींनी ‘झेन’ या मुक्त प्रणालीवरील चालत्या स्थलांतराचा निबंध प्रसिद्ध केला. सहलेखकांपैकी हान्सेन आणि यूल हे कोपनहेगन विद्यापीठातील होते. याच शहरातील दूरध्वनी कंपनीत ए. के. एर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी फोनच्या वर्दळीचे गणित मांडले होते. हा निव्वळ योगायोग आहे; पण नोंदवण्याजोगा आहे.

या पद्धतीची प्रक्रिया घर बदलण्याच्या अनुभवावरून समजते. पहिल्या फेऱ्यांत ट्रंका, कपाटे, अंथरुणे जातात आणि त्या वेळीही जुन्या घरी स्वयंपाक चालू असतो. शेगडी आणि रोजची चार भांडी शेवटच्या फेरीला निघतात. चूल बंद असते ती तेवढाच वेळ. आभासी यंत्राची स्मृती लहान लहान पृष्ठांत विभागलेली असते. आरंभी सर्व पृष्ठे जातात, पुढच्या फेऱ्यांत दरम्यान बदललेली तेवढीच. सतत बदलणारा थोडा भाग शिल्लक राहिला की यंत्र थांबवून तो भाग आणि प्रोसेसरची स्थिती पाठवली जाते. नंतर नव्या संगणकावरून जाळ्याला कळवले जाते की हा पत्ता आता येथे राहतो. चकती दोन्ही संगणकांना सामायिक असल्यामुळे ती हलवण्याची गरज या पद्धतीत पडत नाही. ४ गिगाबाइट स्मृती सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या तारेवरून न्यायला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. पण प्रत्यक्ष थांबणे त्याच्या अत्यल्प अंशाइतके असते.

हा अंश किती? २००५ च्या निबंधात सहा खेळाडूंसह चालू असलेल्या ‘क्वेक ३’ या खेळाच्या सर्व्हरसाठी सुमारे ६० मिलिसेकंद, तर भार असलेल्या वेब सर्व्हरच्या प्रमाणित चाचणीत २१० मिलिसेकंद असे आकडे दिले आहेत. मुद्दाम स्मृती झपाट्याने बदलत राहणारा एक विघ्नसंतोषी कार्यक्रम चालवला असता खंड ३.५ सेकंदांवर गेला. लेखकांनी हा प्रतिकूल निष्कर्षही लपवला नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे. दूरध्वनी सेवेचा मात्र त्यांच्या प्रयोगांत समावेश नव्हता.

ईपीएबीएक्स आभासी यंत्रात येतो

याच सुमारास कार्यालयांतील फोनप्रणाली सर्वसाधारण संगणकावर उतरत होत्या. सिस्को कंपनीने १९९८ मध्ये सेल्सियस ही कंपनी विकत घेऊन ‘कॉलमॅनेजर’ प्राप्त केला. १९९९ साली मार्क स्पेन्सर यांनी ‘ॲस्टेरिस्क’ ही मुक्त प्रणाली लिहिण्यास सुरुवात केली. भिंतीवर टांगलेल्या बंद पेटीतला ईपीएबीएक्स आता एक कार्यक्रम झाला, आणि कार्यक्रम म्हटल्यावर तो आभासी यंत्रात जाणे ओघानेच आले. सिस्कोने २०१० साली आपली फोनप्रणाली आभासी यंत्रावर अधिकृतपणे चालवण्यास परवानगी दिली.

मार्गात दोन अडथळे होते. पहिला तारांचा. दूरध्वनी कंपनीकडून येणारी तार संगणकात बसवलेल्या कार्डाला जोडलेली असे. आभासी यंत्र दुसऱ्या संगणकावर गेले तरी कार्ड पहिल्याच संगणकात राहणार. त्यामुळे तारा वेगळ्या ‘गेटवे’ पेटीत नेणे भाग पडले. पुढे बाहेरच्या वाहिन्याही आयपी जाळ्यावरून येऊ लागल्या तेव्हा ही अडचण मावळली. दुसरा अडथळा काळाचा होता. ॲस्टेरिस्कमधील अनेकांच्या एकत्र संभाषणाची सोय दीर्घकाळ त्या कार्डातून सेकंदाला हजार वेळा येणाऱ्या ठोक्यावर अवलंबून होती. कार्ड नसेल तेथे ‘झेडटीडमी’ नावाचा पर्याय कार्यप्रणालीच्या घड्याळातून ठोका निर्माण करी. आभासी यंत्रात मात्र ते घड्याळच आभासी. यजमान संगणक दुसऱ्या कामात गुंतला की ठोके चुकत आणि आवाज तुटक येई. फोनप्रणाली आभासी यंत्रावर चालवू नये, हा त्या काळातील जाणकारांचा सल्ला याच अनुभवावर आधारलेला होता. त्याला केवळ सनातनीपणा समजणे अन्यायाचे होईल.

चालत्या स्थलांतराच्या वेळी हा काळाचा प्रश्न तीव्र होतो. दूरध्वनीचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजून त्याचे ६४ किलोबिटांत रूपांतर केले जाते आणि आयपी जाळ्यावर तो सामान्यतः २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांतून जातो. म्हणजे प्रत्येक दिशेला सेकंदाला ५० पॅकेटे. साठ मिलिसेकंदांचा खंड म्हणजे तीन पॅकेटे. ती बहुधा जाणवणारही नाहीत. २१० मिलिसेकंदांत दहा पॅकेटे जातात. बोलण्यातील एखादे अक्षर साधारण एवढ्याच काळात उच्चारले जाते. ‘हो’ किंवा ‘ना’ एवढेच उत्तर असेल तर ते समूळ नाहीसे होऊ शकते. साडेतीन सेकंदांत १७५ पॅकेटे जातात आणि तोवर ऐकणारा ‘हॅलो, हॅलो’ म्हणू लागलेला असतो.

येथे एक महत्त्वाचा भेद केला पाहिजे. फोनप्रणालीची दोन कामे असतात. एक, कोणाला कोणाशी जोडायचे हे ठरवणारे संकेत सांभाळणे. दुसरे, प्रत्यक्ष आवाज वाहून नेणे. संकेतांसाठी रूढ झालेल्या सिप या नियमावलीच्या २००२ च्या आवृत्तीत, यूडीपीवरून पाठवलेल्या निरोपाला उत्तर न आल्यास अर्ध्या सेकंदानंतर तो पुन्हा पाठवण्याची तरतूद आहे. त्यानंतरची वाट एक सेकंद, मग दोन सेकंद अशी वाढत जाते. त्यामुळे संकेत सांभाळणारे यंत्र अर्धा सेकंद थांबले तरी काही बिघडत नाही. फोन लागायला किंचित उशीर झाला एवढेच. आवाजाला ही सवलत नाही. उशिरा आलेले अक्षर निरुपयोगी असते, कारण संभाषण पुढे गेलेले असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एका दिशेच्या विलंबासाठी १५० मिलिसेकंदांची मर्यादा इष्ट मानली आहे.

यावरून असे दिसते की दोन फोनमधील आवाज थेट जात असेल तर मधले यंत्र हलल्याचे बोलणाऱ्यांना कळत नाही. परंतु कॉल सेंटरमधील ध्वनिमुद्रण, अनेकांचे एकत्रित संभाषण, ‘एक दाबा, दोन दाबा’ असे सांगणारी स्वयंचलित वाणी या सर्व सोयींत आवाज यंत्रातूनच जातो. फोनप्रणाली जितकी अधिक ‘व्यावसायिक’, तितकी ती स्थलांतराला अधिक नाजूक, असा हा विरोधाभास आहे. विदागारासारख्या कार्यक्रमाची स्मृती विस्तीर्ण असते आणि काळाबाबत तो सहनशील असतो. फोनप्रणालीची स्मृती त्या मानाने लहान, पण काळाबाबत ती हट्टी असते. अनेक उत्पादकांनी वर्दळ कमी असतानाच स्थलांतर करावे असे सुचवले, ते यामुळेच. स्थलांतराला दिलेले ‘चालते’ हे विशेषण येथे काहीसे सैल पडते.

जोडीकडे पुनरागमन

दरम्यान दूरध्वनीची जुनी परंपराही आयपी प्रणालींत टिकून होती. कॉलमॅनेजरच्या रचनेत अनेक सर्व्हरांचा गट असतो. एक बंद पडला तर फोन दुसऱ्याकडे नोंद करतात आणि थेट आवाज जात असलेले चालू संभाषण तुटत नाही. १ ईएसएसमधील जोडीचाच हा सैल अवतार होय.

अधिक विस्मयकारक गोष्ट संगणकाच्या बाजूने घडली. स्थलांतराला पूर्वसूचना लागते. संगणक अचानक जळाला तर हलवायला काही उरत नाही. यावर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील ब्रेंडन कली आदींनी २००८ साली ‘रीमस’ हा उपाय मांडला. झेनच्या चालत्या स्थलांतराचीच क्रिया ते सतत, अगदी २५ मिलिसेकंदांना एकदा इतक्या वारंवार करत राहिले; दुसऱ्या संगणकावर ताजी प्रत कायम तयार. पण प्रत पोहोचल्याची पावती येईपर्यंत यंत्रातून बाहेर जाणारी पॅकेटे अडवून ठेवावी लागत. वेब पानाला याचे फारसे काही वाटत नाही. आवाजाची पॅकेटे मात्र मग झुबक्यांनी बाहेर पडणार. २००९ साली व्हीएमवेअरने ‘फॉल्ट टॉलरन्स’ ही सोय आणली. तिच्यात दुसरे आभासी यंत्र पहिल्याच्या पावलावर पाऊल टाकत तेच काम करत राही. सक्कासुन्ना येथील दोन नियंत्रकांची आठवण व्हावी असे हे दृश्य. ही पद्धत एकाच आभासी प्रोसेसरपुरती मर्यादित होती. २०१५ साली तिच्या जागी वारंवार प्रत घेण्याची रीत आली आणि ही मर्यादा चार प्रोसेसरांपर्यंत वाढली. स्थलांतराच्या वाटेने निघालेले संगणकशास्त्र चव्वेचाळीस वर्षांनी जोडीपाशी पोहोचले. दूरध्वनी अभियंत्यांचे ऋण या क्षेत्रातील लेखनात पुरेसे मान्य केलेले दिसत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

केंद्राचा पत्ता

केंद्र हलू लागल्यावर त्याचा पत्ता कोणता, हा कायद्याचा प्रश्नही उद्भवतो. भारतात कॉल सेंटरे ‘अदर सर्व्हिस प्रोव्हायडर’ या वर्गात मोडत आणि त्यांना दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये ही नोंदणी रद्द केली आणि जून २०२१ मधील सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी अशा संस्थांचा ईपीएबीएक्स जगात कोठेही ठेवण्यास मुभा दिली. पुणे वा नवी मुंबई येथील कर्मचाऱ्याच्या कानातील आवाज कोणत्या देशातील यंत्रातून जातो, हे आता त्या कर्मचाऱ्याने जाणण्याचे कारण उरले नाही. १९६३ साली कोको बीचच्या कार्यालयातून बाहेर पडलेला नियंत्रक निदान त्याच परिसरातील केंद्रात होता.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात साधनांचाही प्रश्न दिसतो. इंडियानापोलिसच्या स्थलांतराची छायाचित्रे उपलब्ध आहेत. आभासी यंत्राच्या स्थलांतराची नोंद व्यवस्थापकाच्या पडद्यावर एका ओळीत उमटते: किती वाजता आरंभ, किती वाजता समाप्ती. फोनप्रणालीच्या नोंदीत त्याच वेळचा कॉल कोणी कोणाला केला, केव्हा उचलला आणि केव्हा ठेवला एवढेच असते. दोन्ही नोंदींत तो कॉल अखंड दिसतो. हरवलेल्या पॅकेटांची संख्या आवाजासोबत जाणाऱ्या गुणवत्ता-अहवालांत येऊ शकते. पण ते अहवाल साठवून ठेवण्याची तजवीज प्रत्येक कार्यालयात केलेली असतेच असे नाही, आणि साठवले तरी त्यांत संख्या असते, गेलेला शब्द नसतो. त्या क्षणी ‘काय म्हणालात?’ असे विचारून वाक्य पुन्हा वदवून घेण्याचे काम दोन्ही टोकांची माणसेच करत असतात.